कापडाचं विमान

वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती फ्रेम ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, त्या सकाळी घरातला जो तो माणूस तिला वळसा घालून जात होता. पितरांची घागर पुजून झाली होती. मागच्या अंगणात धुरपदाबाईंनी चुलीवर खापर चढवलं होतं आणि त्यांच्या दोन्ही हातांवर पुरणपोळी फिरत फिरत रुंद होत होती. पोरी लिंबाच्या झोक्यावरून उतरायला तयार नव्हत्या. तरी सणाचा आवाज काही चढत नव्हता. सगळ्यांचे कान ओट्याकडे लागले होते.

ओट्यावर बाजेवर धुरपदाबाईंचे यजमान प्रेमराजभाऊ बसले होते आणि समोर, खांबाला पाठ लावून, त्यांची धाकटी बहीण भिकुबाई. सावद्याला दिलेली. बाकीच्या लेकी दरवर्षी आखाजीला माहेरी येत, झोक्यावर बसत, आमरस ओरपत. भिकुबाई कित्येक वर्षांत आली नव्हती. यंदा तिची लेक ज्योती तिला जळगावहून गाडीत घालून घेऊन आली होती, आणि आल्या आल्या हे असं झालं.

"वहिनीनी माले सांगं," भिकुबाई म्हणाली. सावद्यात जन्म गेला, तरी माहेरचा उंबरा ओलांडला की तिच्या तोंडी अहिराणीच येई. "त्या फोटोखाले पितळनी पट्टी शे म्हने. काय लिखेल शे तिन्हावर?"

"खरं शे तेच लिखेल शे," प्रेमराजभाऊ म्हणाले. "'कै. हिरामण आप्पा, गावातील फवारणीच्या विमानासह.' त्यात काय वाईट शे?"

"फवारणीनं नव्हतं ते."

"झालं चालू!"

"भाऊ, ती पट्टी आज वाचनालयना भिताडले लागनी, ते मी या घरनी पायरी परत चढणार नही. मरनी तरी नही."

नवलनाना त्या दोघांच्या मधोमध, पायरीवर बसले होते. भावंडांतले सर्वांत धाकटे. धुळ्याला देवपुरात राहत. उभी नोकरी चित्रकलेचे मास्तर म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारची पोरं ओसरीवर गोळा करून बसत. दोघा थोरल्यांच्या भांडणात बोलायची त्यांना लहानपणापासून सवय नव्हती. पण आज त्यांना चैन पडत नव्हतं. फोटोची प्रत पुतण्यानं, भाऊंच्या रुपचंदनं, कालच त्यांना मोबाइलवर पाठवली होती, आणि रात्री जेवण झाल्यावर त्यांनी ती बोटांनी मोठी करकरून पाहिली होती.

भांडण तसं जुनं होतं. भिकुबाईचं लग्न ठरण्याआधीच्या हिवाळ्यात एक छोटं विमान धुक्यात वाट चुकून गावाच्या माळावर उतरलं. वैमानिक पोरसवदा होता. त्याचं पेट्रोल येईपर्यंत या भावंडांच्या वडिलांनी, हिरामण आप्पांनी, त्याला घरी जेवू घातलं. निघायच्या दिवशी पहाटे आप्पा आणि भिकू त्याची न्याहारी घेऊन माळावर गेले, तेव्हा तो म्हणाला, दादा, बसा, एक फेरी मारून आणतो. आप्पा काही धजले नाहीत. भिकू बसली.

खाली उतरल्यावर आप्पांनी तिला बजावलं, लग्न होईपर्यंत हे कोणाला सांगायचं नाही. परक्या पुरुषाच्या मांडीला मांडी लावून पोरगी आभाळात गेली असं सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर झालंच. तिनं ऐकलं. लग्न झालं, आणि पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेले. त्यानंतर भिकुबाईनं तोंड उघडलं, तेव्हा तिच्या बाजूनं बोलायला कोणी उरलं नव्हतं. नवलनाना त्या हिवाळ्यात मामाकडे होते, अजून पाटीवर गिरवत होते. प्रेमराजभाऊ कापसाच्या गाड्या घेऊन धुळ्याच्या जिनिंगला गेले होते. मात्र नंतरच्या वर्षी कपाशीवर औषध मारायला विमान आलं, ते भाऊंनी जवळून पाहिलं होतं, आणि त्यात बसायला एकच जागा होती. एकाच जागेत दोघं कशी बसतील? भाऊंनी हे नंतर घरातल्या दुसऱ्या एका लग्नात, सावद्याच्या पाहुण्यांसमोर विचारलं होतं. तेव्हापासून सासरी भिकुबाईला 'इमानबाई', म्हणजे विमानवाली, हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता जळगावच्या पारसमल शेठच्या घरातून हा फोटो आला होता. शेठचे वडील त्या काळी कापूस घ्यायला गावात येत आणि त्यांना फोटोंचा नाद होता. माळ्यावरची जुनी पेटी आवरताना नातवाला, अर्हमला, फोटो सापडला आणि त्यानं रुपचंदला दिला. रुपचंदनं तो मोठा केला, फ्रेम केली, पट्टी ठोकली आणि संध्याकाळी वाचनालयात लावायचा कार्यक्रमही ठरवला.

"अक्का, संध्याकाळी सरपंच येताहेत," रुपचंद भिकुबाईपुढे हात जोडून म्हणाला. "पत्रिका वाटून झाल्या. आज नको ना."

"आई, सोड की आता," ज्योती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या आवाजात ओशाळलेपण होतं. "एक फेरी मारली काय आणि नाही मारली काय. जळगावला माझ्या शेजारणींनाही ऐकवतेस, त्या माझ्याकडे बघून हसतात."

भिकुबाईनं लेकीकडे पाहिलं. भावाच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते लेकीच्या बोलण्यानं झालं. ती पदरानं तोंड पुसत उठायला लागली.

"बस, अक्का," नवलनाना म्हणाले. "भाऊ, मी जरा मधे बोलू का?"

"तू? बोल. मास्तर शेस तू. समजाव तिले."

"समजावत नाही. फक्त पाहू या म्हणतो. अक्कानं हा फोटो अजून पाहिला नाही ना? रुपचंद, घरात कोणाकोणाला दाखवलास?"

"आबा आणि तुम्ही," रुपचंद वडलांकडे बघत म्हणाला. "आबांना सरळ सगळ्यांसमोर उघडायचा होता."

"झकास. मेघा! ए मेघा, झोका सोड आणि वही-पेन्सिल घेऊन ये."

मेघा म्हणजे रुपचंदची सहावीतली लेक. ती आली, तिच्यामागे बाकीची पोरंही आली. नवलनानांनी तिला अक्कासमोर बसवलं.

"हे बघ. अक्का सांगेल तसं विमान काढायचं. तुला माहीत असलेलं विमान काढायचं नाही. अक्का जे बोलली नाही ते कागदावर येता कामा नये. नडलं तर तिला विचारायचं, मला नाही."

"चुकलं तर?"

"खोड. खोडरबर कशाला दिलाय?"

प्रेमराजभाऊ बाजेवर मांडी घालून नीट बसले. "काढा, काढा. आमरस व्हस तोपर्यंत तमाशा तरी देखू."

पण भिकुबाई बोलेना. नवलनानांनी घाई केली नाही. वर्गात एखादं पोर फळ्यासमोर अडलं की ते असेच खिडकीबाहेर पाहत उभे राहत. शेवटी मेघानंच विचारलं, "अक्का, पंख कुठं होते?"

"डोकावर," भिकुबाई म्हणाली. "घरना सपाट छप्परगत, धाब्यागत. आपण खाले बसानं, पंख वर."

"मग ते पडत नव्हते का?"

"दांड्या व्हत्यात ना. दोन्ही आंगे. खाले पोटजोडे एक जागे, आन् वर अश्या." तिनं दोन बोटं फाकवून दाखवली. मेघानं त्या बोटांकडे पाहत पाहत रेघा ओढल्या.

"चाकं?"

"दोन पुढे, मोठी. मागे शेपटीखाले एक इतलंसं. त्यामुळे नाक वर. कुत्रं बसस तसं दिखाये."

पोरं हसली. मेघाच्या कागदावर कुत्र्यासारखं बसलेलं विमान उमटलं. तिनं सवयीनं त्याच्या कुशीला गोल खिडक्यांची रांग काढायला घेतली.

"अक्का बोलली का खिडक्यांचं?" नवलनानांनी हळूच विचारलं.

मेघानं जीभ चावली आणि खोडलं. "अक्का, खिडक्या?"

"जीपले राहतस तश्या. दार बी तसंच. आन् पंख कापडना."

"आलं!" प्रेमराजभाऊंनी मांडीवर थाप मारली. "मी वाटच देखी राहिंतू. कापडनं इमान! का रे रुपचंद, पाऊस उना का दोरीवर वाळत घालत व्हतीन का?"

रुपचंद हसला, आणखी दोघंतिघं हसली. ज्योतीनं मान खाली घातली.

"कापडच व्हतं," भिकुबाईचा आवाज चढला. "वर रंग देयेल, ताणेल. मी टिचकी मारी देखी. ढोलकागत वाजनं."

"लिही तिथं, मेघा," नवलनाना म्हणाले, "पंखावर बाण दाखव आणि लिही, कापड. आत काय होतं, अक्का?"

"दोन जागा. शेजारी-शेजारी. तो आठे, मी आठे." तिनं आधी डावीकडे, मग उजवीकडे हात ठेवला. "आन् मना पायजोडे पायट्या व्हत्यात, शिवाना मशीनले राहस तश्या. त्याना पायजोडे बी तश्याच. तो त्यानी दाबे, का मनी आपोआप हाले. माले वाटनं, भूत शे."

"आणि मशीनवर काय शिवलंस, पोलकं?" भाऊ म्हणाले.

या वेळी मात्र हसणं थोडं कमी आलं. मागच्या दारात धुरपदाबाई उभ्या होत्या, पिठाचे हात तसेच धरून. "तुम्ही गपा ना जराखा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोर काढी राहिनी ना." सगळ्यांसमोर त्यांनी भाऊंना गप केल्याचं या घरात कोणाला आठवत नव्हतं. भाऊ खरंच गप झाले.

चित्र झालं. नवलनानांनी ते हातात धरून सगळ्यांना फिरवून दाखवलं, मग म्हणाले, "रुपचंद, सोड तो कागद."

रुपचंदनं बापाकडे पाहिलं. भाऊंनी मान हलवली. वर्तमानपत्र टरकलं आणि फ्रेम उघडी झाली.

पहिल्यांदा आवाज आला तो पोरांचा. फोटो विमानाच्या समोरून काढलेला होता. नाक वर, शेपटी खाली. डोक्यावर धाब्यासारखा एकच लांब पंख. पोटापासून फाकत वर गेलेल्या दांड्या, अक्काच्या दोन बोटांसारख्या. पुढे दोन मोठी चाकं. एका दांडीला धरून फेटा बांधलेले हिरामण आप्पा, जणू बैलाची वेसण धरली आहे असे. आजूबाजूला उघडी पोरं. आणि आत, काचेमागे, वैमानिकाचा चेहरा.

"माय वं," धुरपदाबाई म्हणाल्या, "मेघानी काढं तेच शे हाई!"

ज्योती पुढे झाली. एकदा कागदाकडे, एकदा फोटोकडे, पुन्हा कागदाकडे. मग जाऊन बसली ती आईच्या खांबाशी.

भिकुबाई मात्र विमानाकडे पाहतच नव्हती. "आप्पा," ती म्हणाली आणि काचेवर बोट ठेवलं. त्यांचा एवढा तरुण चेहरा तिनं किती दिवसांनी पाहिला होता.

"थांबा," प्रेमराजभाऊ म्हणाले. चुकलो म्हणणारा माणूस तो नव्हताच, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळही नव्हतं. "इमान माळवर दोन रोज उभं व्हतं. बठ्ठा गावनी देखं. हिनी बी देखं. बाहेरून देखं म्हणजे आत बसनी असं व्हस का? नवल, तूच सांग."

"नाही होत," नवलनाना म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलं. प्रश्न योग्य होता. "भाऊंचं बरोबर आहे. बाहेरून पाहिलेलं सांगितलं एवढंच झालं हे."

"आन् आत मी देखेल शे. मी सोता. पुढल्या सालले हाईच इमान फवारणीले उनं, तवय. पंखावर पाय दिधा, काठ धरा, आन् आत डोकं घालं. एकच खुर्ची. बाकी बठ्ठी औषधनी टाकी." हे वाक्य भाऊंनी आजवर इतक्या वेळा सांगितलं होतं की घरातल्या पोरांना पाठ होतं; 'पंखावर पाय दिधा'पाशी ते नेहमी उजवा गुडघा उचलून दाखवत, तसा आताही त्यांनी उचलला.

नवलनानांच्या ओठांवर आलं होतं. रात्रीच त्यांना ते दिसलं होतं. पण चाळीस पोरांच्या वर्गात उत्तर मास्तरानं सांगून टाकलं की त्याची चव जाते, हे ते जाणून होते. ते फक्त म्हणाले, "मेघा, आबा काय म्हणाले ते ऐकलंस? आता फोटोत बघ, आणि आबांनी पाय कुठं ठेवला ते मला बोटानं दाखव."

मेघा फोटोवर वाकली. तिचं बोट पंखाकडे गेलं. पंखावरून आप्पांच्या फेट्याकडे आलं. पुन्हा पंखाकडे गेलं. मग ती सरळ झाली.

"आबा," ती म्हणाली, "पंख तर पणजोबांच्या डोक्याच्याही वर आहे. तुम्ही पाय कसा दिला?"

खापरावरच्या पोळीचा करपल्याचा वास आला, तरी धुरपदाबाई हलल्या नाहीत.

"चढनू व्हतू," भाऊ म्हणाले.

"मग काठ धरून आत कसं डोकावलात? पंखावर उभं राहिलं तर विमानाचं छप्पर दिसेल."

प्रेमराजभाऊंचा गुडघा अजून उचललेलाच होता. त्यांनी तो सावकाश खाली ठेवला. फ्रेम जवळ ओढली. डोळ्यांना चष्मा लावला. काचेवरून पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नेलं.

"त्याना पंख खाले व्हतात," शेवटी ते म्हणाले, स्वतःशीच. "मना गुडघाइतला. पिवळं व्हतं ते." त्यांनी मान वर केली. "नवल, हाई ते इमान नही रे."

"नाही, भाऊ. विमानं दोन होती. हे आलं तेव्हा तुम्ही धुळ्याला होतात. तुम्ही पाहिलं ते दुसरं. तुम्ही खोटं बोलला नाहीत, अक्काही नाही. आपण सगळ्यांनी मिळून दोन विमानांचं एक केलं."

पोरांनी ओरडा केला, पण भाऊंनी हात वर करून तो थांबवला. "अजून एक. दुसरं इमान व्हतं, मान्य. पण यान्हामा तरी दोन जागा व्हत्यात हाई कसावरथून? शेजारी-शेजारी?"

"हे माझं भिंग घे, मेघा. वैमानिकाचं तोंड शोध. काचेच्या मधोमध आहे का?"

मेघानं भिंग फिरवलं. "मधोमध नाही. एका कडेला आहे, आपल्या उजव्या हाताला. म्हणजे..." ती वळून फोटोकडे पाठ करून बसली आणि हातवारे करून पाहिलं. "म्हणजे त्याच्या डाव्या हाताला. अक्कानं दाखवलं तसंच!"

नवलनानांनी काचेचा तो भाग तळहातानं झाकला. उरलेला अर्धा भाग रिकामा होता. "एकट्यानं बसायचं असतं तर माणूस मधोमध बसला असता. हा कडेला सरकून बसलाय. मग ही मोकळी जागा कोणासाठी?"

"अक्कासाठी!" पोरांनी एका आवाजात सांगितलं.

"अरे, अजून नाही. अजून कोणासाठी तरी, एवढंच. विमानाचं नाव कळलं तर पक्कं होईल. ज्योती, तुझा मोबाइल दे बरं. आणि शोधायचं कसं? नाव माहीत नसलेलं झाड कसं शोधतो आपण?"

"पान बघून," कोणीतरी म्हणालं.

"तसंच. जे दिसतं ते लिहा. पंख वर. दोन दांड्या. मागे छोटं चाक. पंखाखाली ही दोन अक्षरं दिसताहेत, व्ही आणि टी, बाकीची फोटोबाहेर गेलीत. ही अक्षरं आपल्या देशात नोंदलेल्या विमानांना असतात. तेव्हा जुनी भारतीय विमानं."

मोबाइल ज्योतीनं दिला नाही, स्वतःच शोधायला बसली. पोरं तिच्या खांद्यांवरून लोंबकळली. पहिलं चित्र हुबेहूब वाटलं. "पायपर कब!" ज्योती ओरडली. "तोच पंख, त्याच दांड्या."

"आत?"

तिनं आतलं चित्र काढलं आणि तिचा चेहरा उतरला. जागा दोन होत्या, पण एकामागे एक. तिनं आईकडे पाहिलं. मघाशी 'सोड की' म्हणणारी ज्योती आता इतकी घाबरलेली पाहून नवलनानांना हसू आलं.

"उतरू नकोस. जागा एकामागे एक असत्या तर वैमानिकाचं तोंड काचेच्या बरोबर मधे आलं असतं. म्हणजे हे आपलं नव्हे. चुकीचं उत्तर गळालं, हेही काम झालं. पुढे."

एक विमान गळालं कारण त्याला दोन पंख, एकावर एक. एक गळालं कारण त्याचं छोटं चाक पुढे. मग एक चित्र आलं. ज्योतीनं ते मोठं केलं आणि फ्रेमशेजारी धरलं. नाक तसंच, नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन भोकं तशीच, दांड्या तशाच, कुत्र्यासारखी बैठक तशीच. खालचं ती मोठ्यानं वाचायला लागली.

"पुष्पक. बंगळूरला बनवलेलं. फ्लाइंग क्लबमधे शिकणाऱ्यांसाठी. दोन आसनी..." ती थांबली. "शेजारी-शेजारी. आई, शेजारी-शेजारी लिहिलंय! पंखांवर कापडाचं आवरण. भाऊमामा, ऐका, कापडाचं!"

"आन् पायट्या?" भाऊंनी विचारलं. ते बाजेवरून कधी उतरले होते ते कोणी पाहिलं नव्हतं.

ज्योतीनं आतलं चित्र लावलं. दोन खुर्च्या. डावीकडच्या खुर्चीपुढे पायट्यांची एक जोडी, उजवीकडच्या खुर्चीपुढे दुसरी.

"शिकवायचं विमान ना," नवलनाना म्हणाले. "शिकवणारा शेजारी बसतो. एकानं दाबली की दुसऱ्याची हलते, म्हणजे शिकणाऱ्याच्या पायाला कळतं. हे बाहेर उभं राहून दिसत नाही, भाऊ. माळावर दोन रोज सोडा, दोन वर्षं उभं राहिलं तरी पायाखालची पायटी हललेली कळत नाही. ते आत बसलेल्या माणसालाच कळतं."

मग जो कल्ला झाला तो आखाजीला शोभेलसा होता. पोरं अंगणभर हात पसरून विमानं झाली. ज्योती आईच्या गळ्यात पडली आणि रडता रडता म्हणाली, "जळगावला चल तू. एकेका शेजारणीला मी बोलावून सांगते." धुरपदाबाई पिठाच्या हातांनी कुंपणापाशी गेल्या आणि पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ओ कुंदाबाई! ऐकं का वं? मनी नणंद इमानमा बसेल शे! पुष्पकमा! तुन्ही नणंद कसामा बसनी व्हती, रिक्षामा?" पलीकडून काहीतरी झणझणीत उत्तर आलं आणि दोन्ही अंगणं हसली.

रुपचंद स्क्रूड्रायव्हर शोधत आत निघाला. भाऊंनी त्याला थांबवलं, खिशातला अडकित्ता काढला आणि पितळी पट्टीखाली टोक घालून ती स्वतः उचकटली. लाकडाचा थोडा टवका निघाला. "राहू दे तसाच," ते म्हणाले. "मेघा, तुन्हा अक्षर चांगला शेत. कागदवर लिख. आज कागद चालस, पितळ मागून करू."

"काय लिहू, आबा?"

भाऊंनी थोडा विचार केला. "लिख. पुष्पक विमान. जोडे हिरामण आप्पा. आन् खाले लिख, या विमानात आप्पांची लेक भिकुबाई बसली होती."

मेघानं लिहिलं. सगळ्यांनी वाचलं. भिकुबाईनं, जिला चार इयत्तांपलीकडे शाळा नव्हती, अक्षरावर अक्षर बोट ठेवत दोनदा वाचलं.

जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली. प्रेमराजभाऊ मात्र बहिणीपुढे जमिनीवरच बसून राहिले होते. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, आणि तसं विचारायची सवय नव्हती.

"भिकू," ते शेवटी म्हणाले, "वरथून गाव कसं दिखाये वं?"

बसली की नाही बसली हे भिकुबाईला साऱ्या जगानं विचारलं होतं. काय दिसलं, हे आजवर कोणीच विचारलं नव्हतं, आणि नवलनानांच्या लक्षात आलं की आपणही नाही.

"धाबा दिखनात," ती म्हणाली. "चौकोन-चौकोन, गोधडीगत. आपला धाबावर मिरच्या वाळत व्हत्यात, लाल भडक, त्यावरथून वळखं. नदी दिखनी. आन् धुळाना रस्तावर रिकाम्या गाड्या दिखन्यात, कापूस टाकीसन येल. पहिली गाडी आपली. तू हाकी राहिना व्हता."

"मी?"

"तूच. डोकाले लाल मुंडासं. मी कितल्या हाका मार्‍यात, भाऊ, भाऊ करीसन. तो पोरगा हसे माले. तू वर देखंच नही."

प्रेमराजभाऊंनी हातात कासरा असल्यासारख्या मुठी आवळल्या. "बैल बिचकेल व्हतात," ते हळू म्हणाले. "काय आवाज शे ते समजे ना त्यासले. मी कासरा धरी खाले मान घालीसन... ते तू व्हती?"

"मी व्हती."

भाऊ उठले. गुडघ्यावर हात टेकून, कोणाचा आधार न घेता उठले आणि ओट्यावरून उतरून भर उन्हात, अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पानं मांडणाऱ्या बायका थांबल्या. विमानं झालेली पोरं जागच्या जागी उतरली.

"मी आठे शे," ते म्हणाले. "मार आते हाक."

भिकुबाईनं खांब सोडला, ओट्याच्या कडेला आली, आणि सगळा दम गोळा करून ओरडली, "भाऊऽऽ!"

प्रेमराजभाऊंनी कपाळावर हात धरला, मान पूर्ण मागे टाकली आणि त्या पांढऱ्या फटफटीत आभाळाकडे पाहून गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओ दिली.